एका खाचेची नळी

प्राजक्तानं बंदुकीच्या तोंडातली जुनी नळी फिरवून काढली आणि डबी विलासरावांपुढे धरली. आत बोटभर लांबीच्या पाच पोलादी नळ्या. प्रत्येकीच्या कडेवर खाचा कोरलेल्या. एकीवर एक, दुसरीवर दोन, असं करत पाच.

"बाबा, कोणता चोक लावू?"

आता घ्या! विलासराव जन्मात पहिल्यांदा शूटिंग रेंजवर आले होते. मातीच्या उडत्या तबकड्या काय, कानांवर डबडी चढवलेली माणसं काय, सगळंच परकं. पण उज्जैनच्या टावर चौकात तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेला माणूस तो. खोकला असो की खरूज, गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचा हात फळीकडे गेलेला असायचा.

"यानं होतं काय?"

"छर्रे किती पसरतील ते ठरतं."

"मग एकवाली लाव. नवशिक्यानं हलक्या डोसपासून सुरुवात करायची. सीधी बात."

प्राजक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. "पक्कं?"

"अगं, बिलकुल पक्कं!"

तिनं एका खाचेची नळी बसवली आणि ती मैदानात गेली.

पंचवीसपैकी पंधरा तबकड्या फोडल्या की भोपाळच्या नेमबाजी शिबिरात जागा. पुढच्या वर्षी वय निघून जाणार, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं बी. फार्मसी करून दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवणारे अर्थातच विलासराव.

"पुल!" तिनं तबकडी सोडायची हाक दिली.

नारिंगी तबकडी उडाली, बार झाला, आणि तबकडी अख्खीच्या अख्खी गवतात जाऊन पडली. दुसरी तशीच. तिसरी फुटली. चौथी गेली, पाचवीही गेली.

बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी विलासरावांच्या शेजारी देवासचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, नातीला घेऊन आलेले. विलासरावांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"भाईसाहब, एक खाँचे वाली सबसे हल्की होती है ना?"

"उल्टा है जी. एक मतलब सबसे टाइट, छर्रे फैलते ही नहीं. नए बच्चों को तो चार-पाँच वाली देते हैं."

विलासरावांनी मैदानाकडे बघितलं.

"अब बदल सकते हैं?"

"राउंड के बीच में? ना."

ओरडून सांगायलाही बंदी, तशी पाटीच लावलेली. बोलण्यात आणखी दोन उडून गेल्या होत्या, अजून अठरा तबकड्या बाकी होत्या आणि पोरगी एकेकीसाठी जीव तोडून खांदा लावत होती. इतकं लाचार विलासरावांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. उज्जैनचा माणूस, त्यांनी महाकालाला हाक मारली. पण मागायचं तरी काय? छर्रे पसरव म्हणून? ते दोरी धरून नुसते उभे राहिले.

अकरा फुटल्या.

प्राजक्ता परत आली, बाकावर बसून बंदूक पुसू लागली.

"प्राजू, तुझा दोष नाही गं. ती नळीच..."

"माहीत आहे. शूटिंगच्या सरांनी चारवाली सांगितली होती."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात ना, म्हणून. वाटलं, म्हणाल, तूच बघ बाई." फडकं नळीवरून फिरत राहिलं. "पण इतकं पक्कं सांगितलंत, की मला वाटलं, कुणाला तरी विचारून आला असाल. माझ्यासाठी."

प्राजक्तानं बंदूक पेटीत ठेवली, कड्या लावल्या.

"जाऊ द्या बाबा. फार्मसीच्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"

परवा, शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. विलासरावांनी कॉलेजात दोनदा फोन करून खात्री करून घेतली होती.

"मला नाही माहीत," ते म्हणाले.