पेटीला भोक पाडणाऱ्यांनो, ऐका!

मी एक जुना सबवूफर आहे. गाडीच्या डिकीत बसून गाण्यातला खर्ज आणि ढोलाचा घुमारा काढणारा मोठा स्पीकर. जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, असेल कोणी म्हातारा. कसला म्हातारा! मला तीन वर्षंही पुरी झाली नाहीत, मित्रांनो. मला जुनं केलं ते माणसांनी, आणि त्याचा राग पोटात मावेना म्हणून आज बोलतोय.

मी कारखान्यात जन्मलो खरा, पण माझा आवाज घडवला तो कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कृष्णात मिस्त्रींनी. त्यांनी जाड प्लायवूडची पेटी केली, सांधे गोंदाने बुजवले. मग मला वाजवत ठेवून पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरवली. फटीतून निसटणाऱ्या हवेने धूर जरा जरी हलला, की तिथे पुन्हा गोंद! पेटीत कोंडलेली हवा हाच माझा लगाम. ती आहे म्हणून माझा आवाज काढणारा पडदा हद्दीबाहेर उडत नाही.

गाडी होती मुरगूडच्या आदर्शची. त्याचे वडील बाळासोआबा चाळीस वर्षं जत्रेत ढोल वाजवत आलेले. मिस्त्रींनी त्यांना गाडीशेजारी ढोल घेऊन उभं केलं आणि त्यांचं वाजवणं मोबाईलवर घेतलं. मग एक थाप आबांची, एक थाप माझी, असा ताळा चार दिवस चालला.

"थाप पडली की थांबली पायजे," मिस्त्री म्हणायचे. "रेंगाळली तर ती थाप न्हवं, ढेकर हाय!"

चौथ्या दिवशी आबा गाडीत डोळे मिटून बसले आणि एकदम ओरडले, "आयला, मीच की ह्यो!"

काय सांगू, असा मान कोणत्या स्पीकरला मिळतो? निघताना मिस्त्रींनी आदर्शला बजावलं, "ह्यो बंद गाडीत बसून ऐकायचा. डिकी उघडून गल्लीला ऐकवायचा न्हाय. आन् पेटीला हात लावायचा न्हाय."

पुढच्या वर्षी म्हशीच्या धक्क्याने आबा पडले आणि त्यांचा खांदा कायमचा गेला. ढोल उचलणं संपलं. तेव्हापासून रोज डेअरीला दूध घालून आलं की ते गाडीत येऊन बसत आणि मोबाईलवर घेतलेला त्यांचा ढोल मी वाजवी. ते मांडीवर बोटं आपटत. त्या म्हाताऱ्याला दुसरं काही नको होतं.

आणि मग मंगळवार पेठेतल्या एका वरातीत आदर्शने डिकी उघडली. उघड्या रस्त्यावर माझा आवाज विरून गेला. तो विरणारच! मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं? तिथला एक अनोळखी गडी हसून म्हणाला, "पावणं, डिकीत डास शिरलाय काय?"

झालं! एवढ्या एका वाक्याने आदर्शच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी त्याने ड्रिल आणलं आणि माझ्या पेटीला वाटीएवढं भोक पाडलं. अरे, आधी मिस्त्रींना एक फोन करायचा! हातातला मोबाईल काय नुसता रील बघायला होता?

आवाज वाढला, पण नुसता धबाधब. मी शुद्ध ढेकर देऊ लागलो.

"ह्यो कोण वाजवतंय?" आबांनी विचारलं.

"तुमीच की, आबा."

"मी असं कवा वाजीवलं न्हाय."

"जरा दमदार केलाय. ऐकत जावा, सवय हुईल."

आबा बिचारे ऐकत गेले. दुसरा ढोल होता कुठे त्यांच्याकडे? सहा महिने मी त्यांच्या कानात खोटं बोललो आणि मला गप्प बसता येईना. शेवटी दुसऱ्या एका वरातीत माझा पडदा टरकन फाटला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

आदर्श मला घेऊन शाहूपुरीत आला. पेटी बघून मिस्त्री कडाडले, "कुणी मारलं रे हे भोक?" मिस्त्रींनी नवी पेटी केली, पडदा बदलला. नव्या पडद्याला जुनी मापं चालेनात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून जुळवणी केली. ताळा घ्यायला आता आबांची थाप नव्हती, त्यांचे कानच होते, म्हणून त्यांना गाडीत बसवलं.

"आबा, तुमच्यासारखा वाजतोय न्हवं?"

आबांनी एकदा ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"असंल बाबा," ते म्हणाले. "सा म्हैनं त्योच आवाज कानात बसलाय. माझा कसला हुता, आता मलाच सांगता येईना."

"आबा, नीट आठवा की!" आदर्शने तोच ढोल पुन्हा लावला.

आबा खाली उतरले आणि दार हळूच लोटलं.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर हत्यार चालवण्याआधी ती घडवणाऱ्याला विचारा. रस्त्यावरच्या कोणाच्या हसण्यासाठी घरातल्या माणसाचं ऐकणं मोडू नका. मला नवा पडदा मिळाला, नवी पेटी मिळाली. पण आबांचा ढोल आता कोणत्या दुकानात मिळतो, सांगा की मला!