रिकाम्या हंड्याचा नियम

बघणाऱ्याला वाटतं मी चालतेय. खरं म्हणजे मी अडकलेय. मी तुळशी बोलतेय, एका अर्धवट गेममधली बाई. माझं वय कुणी लिहिलेलं नाही. लेकरू तान्हं आहे, त्यावरून काय ते तुम्हीच ठरवा.

मला घडवलं हर्षदाने. ती जव्हारची, कॉम्प्युटर शिकलेली. नवरा उमेश मोखाड्याला एका कचेरीत कारकून. रुचिरा झाली आणि हर्षदाची नोकरी सुटली. "आता घरीच आहेस, तर जरा आराम कर," असं जो तो म्हणायचा. तान्ह्या पोरीच्या आईला आराम कर म्हणणारी माणसं कुठल्या गावात राहतात, देव जाणे. दुपारी रुचिरा झोपली की हर्षदा पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, लॅपटॉप उघडायची आणि मला घडवायला बसायची.

एकटीने नव्हे. तिच्या हाताशी दोन एआय सहायक होते. एक आराखडा करून द्यायचा, दुसरा कोड लिहायचा. पहिल्याचं म्हणणं उचलून दुसऱ्याला नेऊन द्यायचं, हे हर्षदाचं काम. दोघंही भलतेच सालस. काहीही सांगा, 'उत्तम कल्पना!' घरात असं कुणी म्हणत नसल्याने पहिले चार दिवस ती हवेतच होती. पाचव्या दिवशी तिच्या मनात पाल चुकचुकली. आपलं सगळंच उत्तम कसं असेल?

माझं पहिलं रूप आठवलं की लाज वाटते. 'डोंगरात पाण्याला निघालेली बाई' एवढ्याच सांगण्यावर मला घागरा नेसवला होता, आणि मागे वाळवंट. कोपऱ्यात उंट. "अगं बाई, सूर्यमाळच्या डोंगरात उंट!" हर्षदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग लुगडं आलं, करवंदीच्या जाळ्या आल्या, तांबडी पायवाट आली. उताराच्या तळाशी विहीर. वर टेकाडावर माझं घर. घरात माझं बाळ.

बाळाचं रडणं तिने रुचिराचंच घेतलं, मोबाइलवर रेकॉर्ड करून. त्यामुळे गेम तपासताना माझं बाळ रडलं की हर्षदा ताडकन उठायची. पाळण्यात रुचिरा ढाराढूर. "वेडी आहेस तू," असं स्वतःला म्हणून परत बसायची. दर वेळी. मला कधी तिचं हसू आलं नाही. मीही त्याच आवाजामागे धावत होते.

आराखडा करणाऱ्याने सुरुवातीलाच विचारलं होतं, नायिकेला काय हवंय? हर्षदाने लिहिलं, 'बाळ रडून रडून थकायच्या आत तिला घरी पोचायचंय.' झालं. माझा जन्म एवढ्यासाठीच.

मग नियम आले. विहिरीला मे महिन्यात पाणी नसतं, झिरपेल तेवढंच. आणि रिकामा हंडा घेऊन बाईने घरी परतायचं नाही. कोड लिहिणाऱ्याने दोन्ही नियम इमानेइतबारे पाळले. हंडा रिकामा असला की चढाच्या तोंडाशी न दिसणारी भिंत. आणि हंडा भरेपर्यंत वर बाळ थकून गप्प. की गेम संपला, पुन्हा पहिल्यापासून.

बाळाचं रडणं सोसवतं. ते गप्प होणं सोसवत नाही.

हर्षदाने चढ कमी केला, माझा वेग वाढवला. काही होईना. सहायकांनी सुचवलं, बाळाला आणखी उशिरा थकवू. "म्हणजे आणखी रडू द्यायचं?" ती पडद्यावरच खेकसली आणि लॅपटॉप मिटला. संध्याकाळी उमेशला म्हणाली, "मला नाही जमत हे. उद्या सगळं पुसून टाकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुसायलाच बसली होती. बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणारी धोंडीबाई शेजारी रुचिराला पायांवर घेऊन तेल लावत होती. धोंडीबाई मूळची सूर्यमाळच्या पाड्यावरची, आता लेकीकडे जव्हारला असते. तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"ही बाय कवाची धडका घालते गो? डोळं नाय तिला?"

"घरी जाता येत नाही ना मावशी तिला. हंडा रिकामा आहे."

"मग?"

"रिकामा हंडा घेऊन दारात यायचं नाही. माझी आजी सांगायची."

"तुझी आजी पाण्याला कुठं जायची?"

"आमच्या दारातच नळ होता."

धोंडीबाई इतकी हसली, की तिच्या पायांवर रुचिराही हलायला लागली. "नळवाली आजी! अगं, आमच्याकडं हंडा रांगेत ठेवतात अन् बाय घरी जाते. विहीर झिरपंल तवा झिरपंल. हंडा नंबर धरतो. तवर पोराला पाजून यावं. हंड्यापाशी बसून राहिली तं पोरं जगली असती का आमची?"

हर्षदाने निमूट ते सगळं टाइप केलं. 'उत्तम निरीक्षण!' आलं. सोबत सूचना: ठेवलेला हंडा चोरीला गेला तर उत्कंठा वाढेल.

"मावशी, चोर घालू का म्हणतोय."

"रांगेतला हंडा कोण चोरंल? तोंड दाखवायचं नाय का परत विहिरीवर? काढ त्याला."

चोर बाद झाला, रांगेचा नियम कोडमध्ये गेला. मी हंडा रांगेत टेकवला, पहिल्यांदाच. भिंत नव्हती. बाळ रडत होतं, अजून रडत होतं. मी चढ चढले, अंगणात आले, दाराला हात लावला.

'अभिनंदन! तुम्ही जिंकलात.'

हर्षदाने टाळीच वाजवली. धोंडीबाई मात्र पडद्यात डोकावून म्हणाली, "जिंकली काय? पोर कुठं घेतलं तिनं?"

टाळी थांबली. "आत काही नाही मावशी," हर्षदा हळूच म्हणाली. "दार म्हणजे नुसतं चित्र आहे. बाळ... बाळाचा फक्त आवाज आहे."

तेवढ्यात तेलकट हात डोळ्याला लागून रुचिराने भोकाड पसरलं. हर्षदाने तिला उचललं, छातीशी धरलं आणि आत गेली. रुचिरा गप्प झाली.

माझं बाळ रडतंच आहे. अभिनंदनाच्या अक्षरांखाली मी उभी आहे, हात दाराला.

हर्षदा, मला पुसायचं असेल तर खुशाल पूस. त्याआधी त्या दोघा सालस सहायकांना एकच ओळ सांग, हे दार उघडतं म्हणून. आत खोली लहान असली तरी चालेल. नियम नको, गुण नकोत, अभिनंदन तर नकोच. बाळाला कसं घ्यायचं ते जमेल मला. तुला तरी कुठे कुणी शिकवलं होतं?