धोंड्याच्या दिवशीचं पॉलिश

आमच्या अण्णांना एक खोड आहे. जी वस्तू हलत नाही तिला पॉलिश करायचं. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा पेन्शनबरोबर ही खोडही घरी घेऊन आले. औंधच्या आमच्या घरातला लाल कोबा इतका गुळगुळीत आहे की पाहुणे भिंतीला धरून चालतात. लष्करी कॅन्टीनमधून फरशीच्या मेणाचे पिवळे डबे येतात आणि देवाच्या चौरंगापासून कपाटाच्या मुठीपर्यंत सगळ्यांवरून अण्णांचं फडकं फिरतं. "एक दिस माजं टाळकं बी चकाकवाल," असं आई म्हणते आणि फडकी धुऊन वाळत घालते.

मला पळायला त्यांनीच शिकवलं. यमाईच्या डोंगराच्या रस्त्यावर पहाटे मी पुढे आणि अण्णा सायकलवर मागे. चढ संपतो तिथे एक विजेचा खांब आहे. खांबापाशी पोचून मी वाकले की मागून आवाज यायचा, "राहिलंय अजून. खांबापतोर न्हाई, खांबाच्या म्होरं थांबायचं." एकदा मी रस्त्यातच ओकले. अण्णांनी स्वतःचा रुमाल दिला, तोंड पुसू दिलं आणि पुन्हा खालपासून पळायला लावलं. आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. मला मात्र त्यांचा राग कधी आला नाही. हा माणूस कुणापुढे हटत नाही, आणि मी त्याची मुलगी आहे, याचीच मला घमेंड होती.

मग माझं लग्न झालं आणि मी सांगलीला गेले. नवऱ्याचं, वीरधवलचं, फर्निचरचं दुकान आहे. माणूस दारू पीत नाही, हात उचलत नाही, आवाज चढवत नाही. लोक म्हणतात, नशीब काढलंस. मी काय काढलं ते माझं मला माहीत आहे.

यंदा मी वनरक्षकाची लेखी परीक्षा पास झाले. पुढे मैदानी चाचणी, तीन किलोमीटर पळणं, जुलैत. लग्नानंतर मी एकदाही पळाले नव्हते. मला पाच आठवडे हवे होते, माहेरी, त्या डोंगराच्या रस्त्यावर. सांगलीत ते जमणार नव्हतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "सुनेनं पँट घालून रस्त्यानं पळायचं, आन आमी गेटात बसून बघायचं व्हय?" वीरधवल म्हणाला होता, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे 'नाही'. नाही म्हणायचेही कष्ट तो घेत नाही, एवढंच.

मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "तू काळजी करू नगं. अधिकाच्या म्हयन्यात जावयाला धोंडं खायला घिऊन ये. जेवला की मी शब्द टाकतो. त्या दिशी सासऱ्याचा शब्द खाली पडत न्हाई गं."

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो. त्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खायला घालायचे आणि सासू-सासऱ्यांनी ताम्हणात त्याचे पाय धुवायचे. मुलीचे पाय कुणी धूत नाही. ती स्वयंपाकघरात पुरण वाटत असते.

मी पाच आठवड्यांचे कपडे भरले. पिशवीच्या तळाशी, साड्यांच्या खाली, माझे पळायचे बूट ठेवले.

सकाळी सगळं रीतीप्रमाणे झालं. अण्णांचा उजवा गुडघा धड वाकत नाही, पलटणीतच दुखावलेला आहे. तरी ते बसले, पाय धुतले, टिपून काढले. वीरधवल म्हणाला, "मामा, कशाला हो हे," आणि दुसरा पाय पुढे केला. धोंडे हाणून तो माडीवर जाऊन झोपला. अण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मूड झ्याक हाय. उठला की बोलतोच." मी बूट पिशवीतून काढले आणि ओसरीच्या कोनाड्यात ठेवले. इतका माझा विश्वास होता.

आई आणि मी मागच्या दारी भांडी घासत होतो. अण्णा पुढच्या दारी काय करताहेत ते कळलं असतं तर मी उष्ट्या हातांनी धावले असते.

दारात वीरधवलची गाडी उभी होती. पाडव्याला घेतलेली, राखाडी रंगाची. खालच्या बाजूला, बंपरला, चाकांच्या कमानींना, दारांच्या खालच्या पट्ट्यांना काळं खरखरीत प्लॅस्टिक. तिच्यावर त्याचा जीव. सांगलीत तो ती कुणाला पुसूही देत नाही. शब्द टाकण्याआधी जावयाला खूश करावं असं अण्णांच्या मनात आलं आणि त्यांनी पिवळा डबा उघडला. फरशीचं मेण, मे महिन्याचं ऊन आणि फौजी हात. गाडीच्या पत्र्यात यमाईचा डोंगर दिसेल इतकी चकाकी आणली. मग त्याच फडक्याने खालचं प्लॅस्टिक घासलं, आणि नेहमीसारखं दणकून घासलं.

मी बाहेर आले तेव्हा मेण वाळलं होतं. ओल्या फडक्याने पुसलेली पाटी सुकल्यावर जशी दिसते तसं ते सगळं काळं प्लॅस्टिक पांढरं फटक, फराटे फराटे. अण्णा पाण्याने पुसत होते. ओलं असेपर्यंत काळं दिसायचं, सुकलं की पुन्हा पांढरं. खरखरीत कणाकणात मेण बसलं होतं.

"जाईल की," ते म्हणाले. "काय हुतंय त्याला." पण कपाळावरचा घाम उन्हाचा नव्हता.

वीरधवल जांभई देत खाली आला. गाडीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्याला उलटून बोलता येतं.

"मामा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हे काय हो केलंत?"

"जावईबापू, जरा चकाकी आणावी म्हटलं..."

"असू दे, असू दे. राहू द्या. मी सांगलीत कुणाकडून तरी करून घेईन. नवीन गाडी आहे, एवढंच वाईट वाटतं." आणि कडुनिंबाखाली खुर्ची ओढून बसला. "तुम्ही त्रास घेऊ नका. पण आता लागलाच आहात, तर तेवढं चाकावरचं आधी बघा. तिथं जास्त दिसतंय."

अण्णा चाकाजवळ गुडघ्यावर बसले.

भांड्याचा साबण झाला. मेणावरून पाणी घरंगळून जायचं. मग आईने खायचा सोडा कालवून दिला, त्याने पांढऱ्यावर आणखी पांढरं चढलं. माझ्या शाळेच्या कंपासपेटीतलं खोडरबर सापडलं. त्याने जिथे घासलं तिथे खरंच काळं निघालं, पण नखाएवढं. एवढ्याशा खोडरबराने आख्खी गाडी पुसायची म्हणजे ओंजळीने विहीर उपसायची. तरी अण्णा घासत राहिले आणि खोडरबर संपलं.

"फोनवर बघतो थांबा," वीरधवल म्हणाला. बघितलं आणि हसायला लागला. "पीनट बटर लावा म्हणतात! परदेशात लोक लावतात म्हणे. आता औंधात कुठलं पीनट बटर?"

"म्हंजी शेंगदाण्याचंच न्हवं?" आई दारातून म्हणाली. घरातले दाणे सकाळच्या चटणीला संपले होते. आई आत गेली आणि पेरणीसाठी ठेवलेल्या पोत्याचं तोंड सोडलं. बियाण्याच्या शेंगा फोडताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दाणे भाजले, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले. तो लगदा जुन्या टूथब्रशवर घेऊन अण्णांनी बंपरला लावला, घासला, फडक्याने पुसला, वरून साबणाचा हात दिला. खाली काळंभोर प्लॅस्टिक निघालं. दाण्याचं तेल मेण सोडवत होतं आणि कूट ते कणाकणातून खरडून काढत होतं.

"निघालं!" अण्णा म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

पण गंमत आता सुरू झाली होती. वीरधवलने पाय स्टुलावर ठेवले आणि बोट दाखवायला लागला. "मामा, त्या कडेला. हां. त्याच्या वर. नाही, डावीकडं." अण्णा सरकायचे. दुखरा गुडघा मातीत टेकवून, दुसरा पाय लांब करून, कोपरांवर. रस्त्याने जाणारा-येणारा थांबून बघायचा. सगळं गाव ज्यांना 'हवालदार' म्हणून नमस्कार करतं ते हवालदार टूथब्रश घेऊन जावयाच्या चाकाशी रांगत होते.

मी ब्रश घ्यायला गेले. "द्या हिकडं, अण्णा."

"तू हो बाजूला," वीरधवल म्हणाला. "त्यांनी केलंय, त्यांना निस्तरू दे. फौजी माणूस आहे. हो ना मामा?"

"व्हय व्हय," अण्णा म्हणाले. "तू जा आत."

मग त्याने फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'सासरेबुवांची धोंड्याची सेवा'. उत्तरात सासूबाईंचा आवाज आला. तो त्याने मोठ्याने लावला. "आरं, त्यास्नी म्हणावं, आमच्या जिन्याची फरशी बी राहिलीया!" आणि मागे नणंदेचं खिदळणं. अण्णांनी ऐकलं. ब्रश क्षणभर थांबला. मी मनात म्हणत होते, आता उठा. तो ब्रश फेका. खांबाच्या पुढे जा की हो, तुम्हीच म्हणत होता ना.

अण्णा हसले. त्या आवाजाबरोबर तेही हसले, आणि ब्रश पुन्हा सुरू झाला. मला तेव्हा त्यांची जितकी किळस आली तितकी वीरधवलचीही कधी आली नाही. तो परका होता.

ऊन उतरलं तेव्हा गाडी स्वच्छ झाली. वीरधवल उठला, सगळ्या प्लॅस्टिकवरून बोट फिरवत एक फेरी मारली, बोट उलटं करून पाहिलं. गाडी शोरूममधून आणली तेव्हाही इतकी काळी नव्हती.

"शाब्बास मामा!"

आणि अण्णांच्या टाचा जुळल्या. गुडघ्याला माती, नखांत कूट, शर्टभर तेलाचे डाग, आणि माणूस सावधान. चेहरा असा फुलला की जणू पदक मिळालं. मी दारात उभी होते.

"सकाळपासून तुम्हाला काहीतरी बोलायचं आहे," वीरधवल म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं. "बोला की. आज धोंडा आहे. आज तुम्हाला नाही म्हणता येतंय होय?"

खरंच सांगते, त्या घडीला अण्णांनी नुसतं तोंड उघडलं असतं तरी काम झालं असतं. अख्ख्या रस्त्यासमोर दुपारभर त्यांच्या हातून सेवा करून घेतल्यावर त्याला नाही म्हणणं जड गेलं असतं. आई पदराआडून खुणावत होती. कोनाड्यात माझे बूट होते. अण्णांनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग चकाकत्या गाडीकडे पाहिलं.

"काय न्हाई, जावईबापू," ते म्हणाले. "परत कवा येतासा, तेवढंच इचारायचं हुतं. गाडीचं माफ करा म्हंजी झालं."

"झालं की माफ," वीरधवल म्हणाला. "शिवांजली, आवर. अंधाराच्या आत सांगली गाठू."

मी बूट उचलले आणि पुन्हा साड्यांच्या खाली कोंबले. आई मागे आली. "आगं, मी बोलू का त्यास्नी?"

"तू फडकी धू," मी म्हणाले. ती जागीच थिजली. थिजू दे.

पिशवी अण्णांनीच उचलली. डिकीत ठेवताना तळाचे बूट त्यांच्या हाताला लागले. त्यांनी वरूनच चाचपले आणि माझी नजर टाळली.

"काय भरलंय एवढं?" वीरधवलने आतून विचारलं.

"शेंगा हायत," अण्णा म्हणाले. "बियाण्याच्या. चांगल्या हायत."

वीरधवलने गाडी चालू केली, एसी लावला. रस्त्यावर अजून दोघे-तिघे रेंगाळत होते. अण्णा माझ्या बाजूचं दार धरून उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. मी वाकेन, नमस्कार करेन, आपण डोक्यावर हात ठेवू आणि सगळं मिटेल, अशी अण्णा वाट बघत होते. माफी जावयाकडून मिळाली होती, आता लेकीकडून हवी होती.

मी वाकले नाही. मी दाराच्या खालच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"अण्णा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हितं राहिलंय अजून."

ते चमकले. खाली पाहिलं. पट्टी काळी कुळकुळीत होती, तिथे काही नव्हतं. त्यांना ते दिसलं, आणि मला ते दिसतंय हेही दिसलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हे शब्द कुणाचे आहेत ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

मग अण्णांनी खांद्यावरचं फडकं काढलं, दाराला धरून दुखरा गुडघा मातीत टेकवला आणि तिथे काही नसलेलं पुसायला लागले.

मी त्यांचं पुसून होईपर्यंत उभी राहिले.