मृत्यूच्या रकान्यातला एक

बैठक दहाची होती आणि साडेअकरा वाजले तरी सी लझहर, म्हणजे आमच्या प्रांताचे आरोग्य अधिकारी, आले नव्हते. मी खुर्चीत बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. बीर सुवैलमला परत जाणारी एकच गाडी दोनला सुटते. पण खरी धास्ती गाडीची नव्हती, फ्रिजची होती.

आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर मंगळवारी येतात. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे मी, तिथली नर्स. तिथल्या फ्रिजमध्ये विंचवावरची इंजेक्शनं असतात. मे ते सप्टेंबर खजुराच्या बागांत विंचवांचा सुळसुळाट असतो. मोठं हॉस्पिटल बासष्ट किलोमीटरवर, त्यातले वीस वाळूतले. लहान मूल तेवढा वेळ काढत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी एकेचाळीस जणांना टोचलं आणि एकेचाळीस जण चालत घरी गेले. अकरा वर्षांत विंचवाने एकही दगावला नाही. हे मी मिरवते, मिरवणारच.

शेवटी साहेब आले, चहा आला, पडद्यावर तक्ता आला. यंदा इंजेक्शनं कमी येणार, तेव्हा आठ दवाखान्यांपैकी चारच फ्रिज ठेवायचे, असं राजधानीत ठरलं होतं. कुठले चार, ते गुणांवर. विंचवाने मृत्यू झाला की दहा गुण, रुग्ण हॉस्पिटलात पाठवावा लागला की दोन. बीर सुवैलमपुढे दोन्ही रकान्यांत शून्य होतं आणि आम्ही यादीत तळाला होतो.

मी विचारलं, वाचलेल्यांचा रकाना कुठे आहे? आकडे सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, छापील नमुन्यात तो नाही आणि नमुना वरून येतो. हॉस्पिटलचे एक डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले की जिथे गरज जास्त, तिथे औषध जायला हवं. तिथे माझं डोकं फिरलं.

"दोन पोरं मरू दिली असती, तर आज मला फ्रिज मिळाला असता," मी म्हटलं.

विषय पुढे गेला, रुग्णवाहिकेच्या टायरांवर आला.

सी लझहर वाईट माणूस नव्हे. बैठक संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"नजीबाबाई, तुम्ही काम इतकं चोख केलंत की कागदावर तुमच्या गावात विंचूच उरले नाहीत. नियम माझा नाही. दुरुस्तीला दहा दिवस आहेत. एखादा आकडा राहिला असेल तर कळवा."

"काही राहिलेलं नाही."

"परत एकदा बघा," ते आपल्या बुटांकडे बघत म्हणाले आणि खाली उतरून गेले.

त्यांना काय सुचवायचं होतं? की काहीच नव्हतं? गाडीत तेच, घरी तेच. तीन दिवस मी नुसत्या येरझारा घातल्या. चुलीवरचा सांजा दोनदा करपला. आणि राहून राहून जिलानीचाचा डोळ्यांपुढे यायचे. ते ऑगस्टमध्ये भर दुपारी आपल्या बागेत पाटाजवळ बसल्या बसल्या गेले. मीच धावले होते. हृदय बंद पडलं होतं, डॉक्टरांनीही तेच लिहिलं. त्या जागी विंचू लिहिला तर दहा गुण होत होते. हे मनात आलं याची मला लाज वाटली, आणि तरी चौथ्या दिवशी मी त्यांच्या बायकोच्या, तुर्कियामावशींच्या दारात उभी होते.

मावशी परातीत रव्याचा कुसकुस वळत होत्या. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"त्यांच्या नावाला बट्टा लागेल का गं?"

"त्यांच्या नाही, माझ्या नावाला लागेल. फ्रिजमध्ये औषध असताना माणूस गेला कसा, हे मलाच विचारतील."

"मग तुला कशाला नसती उठाठेव?"

"मावशी, तुमच्या हमूदाला मी दोनदा टोचलंय."

हमूदा त्यांचा नातू, सहा वर्षांचा. मावशींनी परात बाजूला सारून हात धुतले, पुसले आणि अंगठा पुढे केला.

"लिही. जिवंतपणी कुणाच्या उपयोगी पडले नाहीत. आता तरी पडू देत."

आम्ही दोघी हसलो. जबाब मी माझ्याच अक्षरात लिहिला. विंचू चावला, नर्सला बोलावलं, नर्स उशिरा आली. मंगळवारी दुरुस्तीच्या कागदावर डॉक्टरांनी नेहमीसारखी न वाचता सही केली.

एप्रिलमध्ये दोन पत्रं आली. पहिल्यात आमचा फ्रिज राहिला होता. दुसऱ्यात माझी चौकशी आणि बदली होती, किनाऱ्यावरच्या एका शहरात, नोंदवह्यांच्या विभागात. तिथे माझ्या हातून कुणाला सुई टोचली जाणार नव्हती. दोन्ही पत्रं नगरपालिकेच्या फलकावर लागली आणि गावाने दोन्ही वाचली.

त्यानंतर माणसं दवाखान्यात पूर्वीसारखीच येत होती, पण वळून माझ्याकडे बघत होती. माझ्याच हातांनी जगात आणलेल्या एका पोराची आई म्हणाली, लगेच टोच हं नजीबा, उशीर नको करूस. तोंडाशी आलेलं मी गिळलं. बोलले असते तर फ्रिज गेला असता. अकरा वर्षांची माझी कमाई एका ओळीत गेली होती, आणि ती ओळ माझीच होती.

बदलीच्या आदल्या दिवशी मी सामान बांधत होते तेव्हा तुर्कियामावशी आल्या. त्यांच्या हातात चौकशीच्या कागदाची नक्कल होती. चहा नको म्हणाल्या. बराच वेळ कागदाची घडी घालत आणि उलगडत बसल्या.

"नजीबा, खरं सांगशील? त्या दिवशी तू जरा लवकर आली असतीस, तर वाचले असते का ते?"

मला वाटलं, वयाने गोंधळ होतोय. मी त्यांच्याजवळ बसले. "मावशी, त्यांना विंचू चावलाच नव्हता. आपण दोघींनी बसून लिहिलं ते. तुम्हीच अंगठा दिलात."

"ते आहे माझ्या लक्षात," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण शिक्का मारलाय गं त्यांनी. एवढे शिकलेले लोक, चौकशी करून मारलाय. आणि त्यांच्या डाव्या घोट्याशी लाल होतं. दफनाआधी आंघोळ घालणाऱ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा मी लक्ष दिलं नाही."

मी म्हटलं, चपलेचा पट्टा लागला असेल. त्यांनी मान हलवली, कागद ओढणीत ठेवला आणि मला जवळ घेऊन निरोप दिला.

त्या गेल्यावर मी पेटी उघडी टाकून तशीच उभी राहिले. ऑगस्टमधली ती दुपार मी पहिल्यापासून आठवायला लागले. त्यांची नाडी पाहिली होती, डोळे पाहिले होते, छातीला कान लावला होता. पाय पाहिले होते का, हे मला काही केल्या आठवेना.