वाढीचा पुरावा

"प्रथम वर्षाच्या लेखन-अभ्यासक्रमातील चौऱ्याण्णव टक्के विद्यार्थ्यांनी लेखक म्हणून सिद्ध करता येण्याजोगी वाढ दाखवली," असे आमच्या कॉलेजच्या वार्षिक अहवालात छापलेले आहे. विधान खोटे नाही. खोट्यासाठी जेवढे धाडस लागते तेवढेही त्यात नाही. वाढ म्हणजे विद्यार्थ्याने सत्राअखेरीच्या पत्रात लिहिलेले "मी वाढलो" हे वाक्य. सिद्ध म्हणजे ते वाक्य एका बाहेरच्या परीक्षकाने वाचले. आणि उरलेले सहा टक्के हे खुंटलेले लोक नव्हेत. त्यांच्याकडून ते वाक्य लिहायचे राहिले, एवढेच.

पद्धत अशी आहे. विद्यार्थी एक निबंध तीन मसुद्यांतून लिहितो, तिन्ही मसुदे एका फाइलमध्ये ठेवतो आणि त्यावर स्वतःला उद्देशून आत्मपरीक्षणाचे पत्र जोडतो: मी पूर्वी कसा लिहीत असे, आता कसा लिहितो, आणि पुराव्यादाखल हे पाहा माझे पूर्वीचे वाक्य. ओहायोच्या या भागात वाढलेल्या कोणालाही हा साचा शिकवावा लागत नाही. रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहणारा मनुष्य याच क्रमाने बोलतो. पूर्वायुष्य जितके बरबटलेले, तितके उद्धाराचे तेज अधिक. ज्याने पाप केलेलेच नाही, त्याने व्यासपीठावर चढून सांगावे तरी काय?

व्हर्ना ड्रॉयर सत्तेचाळीस वर्षांची होती. काउंटीच्या आपत्कालीन केंद्रात तिने एकोणीस वर्षे फोन घेतले होते आणि प्रत्येक फोनची नोंद लिहिली होती. आता तिला नर्सिंगला जायचे होते. "इतकी वर्षं फोनवरून लोकांना सांगितलं, हात कुठे ठेवा. आता माझे ठेवायचेत," असे तिने पहिल्याच तासाला सांगितले. जानेवारीच्या तुकडीत तिची जागा राखून ठेवलेली होती, एका अटीवर: लेखनाचा हा विषय डिसेंबरात सुटला पाहिजे. वयामुळे आणि प्रतीक्षायादीमुळे ती जागा पुन्हा मिळणार नव्हती.

तिचा निबंध मला सप्टेंबरच्या बारा तारखेला मिळाला. त्यातला एक तुकडा असा होता: "फोन ११:०४ ला आला. माणूस म्हणाला, बायको स्वयंपाकघरात पडली आहे. त्याने विचारलं, शेगडी बंद करू का. मी म्हटलं, करा. मग तिच्या छातीवर हात कुठे ठेवायचे ते सांगितलं. गाडी पोचेपर्यंत तो मोजत होता. मी त्याच्याबरोबर मोजत होते."

वक्तृत्वशास्त्रावरचे पंचवीस शतकांचे ग्रंथ मी उपजीविकेसाठी वाचलेले आहेत. या सहा-सात वाक्यांत बदलण्याजोगे काही मला त्यांपैकी एकानेही दाखवले नाही. दुसऱ्या मसुद्यात तिने एक स्वल्पविराम काढला. तिसऱ्यात तो परत घातला. पत्रात तिने एकच ओळ लिहिली: "लेखनात फारसा फरक पडलेला नाही."

बाहेरच्या परीक्षकाने वाढीच्या रकान्यात सहापैकी एक गुण दिला. त्या रकान्यात तीनपेक्षा कमी असेल तर विषय सुटत नाही. मी मूल्यमापन-प्रमुख लेनोर हॅस्केटकडे गेलो.

"चांगलं लिहिते, मान्य," लेनोर म्हणाली. "पण ती आधीपासूनच चांगलं लिहिते, त्याला मी काय करू? तक्त्यात 'आधीपासून' असा रकानाच नाहीये."

"मग आखून टाक ना एक."

"अरे बाबा, तो तक्ता मंजूर होऊन राज्याकडे गेलाय. आणि मला एक सांग, बाई जशी आली तशीच चालली असेल, तर तू चार महिने तिला शिकवलंस काय?"

प्रश्नाचा रोख माझ्या नोकरीवर होता. मी दर सत्राला नव्याने नेमला जाणारा शिक्षक आहे. माझ्या वर्गातली वाढ घटली, तर पुढच्या सत्राच्या वेळापत्रकातून माझे नाव कोणतेही कारण न देता गळते. "दहा डिसेंबरपर्यंत फाइल पुन्हा देऊ दे तिला," लेनोर म्हणाली, आणि ही तिची खरोखरची मेहेरबानी होती.

मी व्हर्नाला कँटीनमध्ये गाठले. ती थर्मासमधली कॉफी पीत होती.

"प्रोफेसर, एक कळू दे. मला पाडलं ते चुका होत्या म्हणून, की नव्हत्या म्हणून?"

"नव्हत्या म्हणून."

"बरं झालं विचारलं. बहिणीला सांगितलं तर ती म्हणेल, मीच काहीतरी लपवतेय."

"तुमच्याकडे याच्याआधीचा एखादा मसुदा असेलच ना? कच्चा, जरा गबाळा?"

"नाही."

"असता तर बरं झालं असतं."

तिने कप खाली ठेवला. "आमच्याकडे फोनवर कुणी असं आडून बोलायला लागलं ना, की मी सरळ विचारायचे, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"मी काहीच म्हटलेलं नाही, व्हर्ना."

"हो. तेही असंच म्हणायचे."

नवी फाइल नऊ डिसेंबरला आली. तिच्यातला पहिला मसुदा आरंभीच सांगत होता: "मानवाच्या उदयकाळापासून संवादाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. शब्दकोशानुसार संकट म्हणजे कठीण प्रसंग." फोनवरचा मनुष्य त्यात नव्हता, "समाजातील विविध घटक" होते. परीक्षकाने सहापैकी सहा दिले आणि समासात लिहिले, "थक्क करणारा प्रवास." त्यानंतर त्याची नजर पानाच्या वरच्या कोपऱ्यावर गेली. तिथे व्हर्नाने आपल्या हाताने मसुदा पूर्ण झाल्याची तारीख आणि वेळ घातली होती: ९ डिसेंबर, दुपारी २:१५. अंतिम मसुद्यावर तारीख होती १२ सप्टेंबर. एकोणीस वर्षे ज्या बाईने प्रत्येक नोंदीवर खरी वेळ घातली, तिला बनावट कागदावरसुद्धा खोटी वेळ घालणे सुचले नव्हते.

अप्रामाणिकपणाची सुनावणी तीन दिवसांनी झाली. समितीत लेनोर आणि दोन सदस्य. तिचा शिक्षक म्हणून मी भिंतीकडेच्या खुर्चीत.

"हा मसुदा तुम्ही नंतर लिहिलात?" लेनोरने विचारले.

"तारीख घातलीय की."

"का लिहिलात?"

"तुम्हाला हवा होता म्हणून."

"आम्हाला वाढ हवी होती, मिसेस ड्रॉयर. बनवाबनवी नव्हे."

"ती बनवल्याशिवाय दिसते कशी, ते सांगा. मी तसं करते."

एक सदस्य हसला आणि लगेच खोकला. लेनोरने नियम वाचून दाखवला: आरोपीने लेखी कबुली द्यावी, त्या कबुलीत प्रसंगातून आपण काय शिकलो ते लिहावे, आणि शिकणे खरे वाटले तर समिती नव्या फाइलचे गुण कायम ठेवू शकेल. म्हणजे पुन्हा तेच पत्र. सुटकेचा म्हणून दाखवलेला दरवाजा त्याच खोलीत उघडत होता. मग लेनोर माझ्याकडे वळली. "तुला काही सांगायचंय?"

सांगायचे होते. कँटीनमधले माझे एक वाक्य पुरेसे होते. त्याने आरोप माझ्यावर आला असता, आणि फाइलही बाद झाली असती, कारण शिक्षकाच्या चिथावणीने तयार झालेली फाइल नियमानुसार बाद होते. मी हा हिशेब तिच्या भल्याचा म्हणून मांडला. त्यात माझे भले किती होते, ते मी मोजले नाही. "नाही," मी म्हणालो. व्हर्नाने माझ्याकडे पाहिले नाही. तिने कागद मागितला आणि तिथेच बसून सात मिनिटांत कबुली लिहिली.

समितीने ती वाचून "शिकणे स्पष्टपणे सिद्ध" असा शेरा मारला आणि सहापैकी सहा गुण कायम ठेवले. व्हर्ना जानेवारीत नर्सिंगच्या वर्गात बसली. माझे नाव पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात आले. कबुलीची प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यात एक वाक्य खोटे आहे. ते माझ्या सोयीचे आहे आणि ते मी खोटे ठरवलेले नाही. ती शब्दशः अशी:

"मी, व्हर्ना ड्रॉयर. निबंध १२ सप्टेंबरला पूर्ण झाला होता. पहिला मसुदा मी १ डिसेंबरला लिहायला घेतला. मला हे कुणी सुचवलं नाही. लिहायला नऊ दिवस लागले. पहिले चार दिवस जे लिहिलं ते वाचून समजत होतं, म्हणून फाडलं. पाचव्या दिवशी मी त्या माणसाला निबंधातून काढून टाकलं. त्यानंतर जमायला लागलं. काय शिकले, असं विचारलं आहे. असं लिहिणं मला आधी येत नव्हतं. आता येतं."