मालोसी बोलत नसतो

ताविता आजोबांच्या घराण्यात दोन गोष्टी पिढीजात चालत आलेल्या. एक कुस्ती आणि दुसरी बोलणं. पॅसिफिक समुद्रातल्या सामोआ बेटावरच्या त्यांच्या गावात प्रमुखाच्या वतीने चारचौघांत बोलायचा मान याच घराण्याचा. अमेरिकेत सांता क्लारात राहायला आले तरी तो मान सुटला नाही. लग्न असो, मयत असो, नाहीतर चर्चमधलं जेवण असो, तावितांनी लाकडी काठी टेकून उभं राहायचं आणि सुरू व्हायचं. ताटातलं अन्न गार व्हायचं, पोरं पेंगायची, पण मध्येच उठायची कुणाची छाती नव्हती.

आणि हाच माणूस कुस्तीच्या रिंगणात जन्मभर मुका होता.

त्याचं असं झालं. तावितांचे वडील अमेरिकेत आले, तेव्हा कुस्तीचे शो भरवणाऱ्या एका माणसाने त्यांना अनवाणी उभं केलं, केस पिंजारले आणि सांगितलं, तू बेटावरचा रानटी. गुरगुरायचं, बोलायचं नाही. तुझं नाव मालोसी. या धंद्यात जिंकणार कोण ते आधी ठरलेलं असतं, आपटणं मात्र खरं असतं. त्या काळी रिंगणातलं सोंग रस्त्यावरही उतरवायचं नाही, असा दंडक होता. वडिलांनंतर ताविता मालोसी झाले, मग त्यांचा मुलगा इओआने. तिघेही अनवाणी लढले आणि तिघांनीही मूग गिळले. आपल्या सामोअन माणसांबाहेर, अगदी मुलाच्या शाळेत गेले तरी ताविता हूं की चूं करत नसत. शिक्षिका बिचाऱ्या त्यांच्याशी एकेक शब्द तोडून मोठ्याने बोलायच्या.

आता इओआनेचे गुडघे गेले होते आणि त्याची मुलगी लुपे शनिवारी पहिल्यांदा रिंगणात उतरणार होती. मालोसीची चौथी पिढी म्हणून पोस्टर लागायचं होतं. पण पोरीने ऐनवेळी खोडा घातला.

"कुस्ती कंपनीवाले म्हणतात, गुरगुर आणि गप्प राहा," ती आजोबांसमोर मांडी घालून बसली. सामोअन घरात मोठ्यांकडे काही मागायचं तर उभ्याने मागत नाहीत. "मी गुरगुरणार नाही. मी बोलणार. आणि नाव मात्र मालोसीच लावणार."

"मग?"

"ते म्हणाले, नाव आजोबांचं आहे. ते हो म्हणाले तर बोल. नाहीतर साधी लुपे म्हणून लढ."

ताविता खुर्चीत सरळ झाले. "मालोसी बोलत नसतो. या घराच्या भिंती त्या गप्प बसण्यावर उभ्या आहेत. माझ्या बापाने हसं करून घेतलं ते काय तू येऊन पुसून टाकावंस म्हणून?"

लुपे खाली मान घालून उठली. तिने हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं, असं तावितांना वाटलं. भांडण झालं असतं तर निदान बोलता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते कुंपणापाशी लिंबं तोडत होते. पलीकडे शेजारचे डॉक्टर मोरेश्वर कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते. मूळचे नागपूरचे, आता रिटायर. लुपे लहानपणापासून त्यांना काकाच म्हणायची, त्यामुळे बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. ते मराठी कुणालाही ऐकवायचे त्याच बेधडकपणे तावितांशी इंग्रजी बोलायचे.

"तुमचा खांदा निखळला होता, आठवतं?" त्यांनी विषय काढला. "इमर्जन्सीत मीच ड्यूटीवर होतो. मी विचारतोय, कुठे दुखतंय, आणि तुम्ही नुसते गुरगुरताय. मी हातवारे करून करून दमलो यार."

ताविता हसले. "बाहेर दोन पोरं सहीसाठी बसली होती. बोललो असतो तर सगळं मुसळ केरात."

"ते ठीक. पण मी पहिल्यांदा खांदा ओढला तेव्हा तुम्हाला भयंकर लागलं. तुम्ही नुसतं स्टॉप म्हणाला असता तरी मी हात काढला असता." मोरेश्वरांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "मग इथे घर घेतलं, आणि एका रविवारी कुंपणापलीकडून भाषण ऐकू आलं. बायकोला म्हटलं, अगं, हा तर तोच मुका पेशंट. इतका राग आला होता तुमचा."

"माझा कशाला?"

"अहो, बोलला नाहीत म्हणून दुखलं नाही, असं थोडंच असतं?"

तावितांनी आणखी एक लिंबू तोडलं. त्यांना वडील आठवले. शो संपवून घरी आले की ते न्हाणीघरात दार लावून घ्यायचे आणि एकटेच बोलायचे. गावाच्या स्तुतीची जुनी वाक्यं, एकामागून एक, खणखणीत आवाजात. लहानपणी तावितांना वाटायचं, बाबा पाठांतर करतायत. आज लिंबं हातात घेऊन उभं असताना त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा इथे आपली माणसं नव्हती, बाबांना दुसरीकडे कुठे बोलायची सोयच नव्हती.

शनिवारी दुपारी हॉल भरला. निवेदकाने नुसतंच "लुपे" असं नाव पुकारलं. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. लुपे अनवाणी रिंगणात शिरली. समोरची निळ्या पोशाखातली पैलवानीण दंड थोपटून तयारच होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ताविता उठले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, काठी घेतली आणि दोर वाकवून आत चढले. जुन्या प्रेक्षकांनी त्यांना ओळखलं. "मालोसी, मालोसी" असा गजर सुरू झाला. सगळे गुरगुरण्याची वाट बघत होते.

निवेदकाने माइक पुढे केला. तावितांनी तो हाताने बाजूला सारला. बोलणाऱ्या घराण्याच्या माणसाला माइक लागत नाही. त्यांनी काठी रोवली आणि हॉल शांत होईपर्यंत थांबले.

"मला बोलता येतं," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनाही येत होतं."

कुणी हसलं नाही. मग त्यांनी गावाचं नाव घेतलं, पणजोबांपासून एकेकाला पुकारलं, आणि वडिलांचं खरं नाव, जे कुठल्याच पोस्टरवर कधी आलं नव्हतं, ते दोनदा घेतलं. मोठे बोलत असताना खाली बसायची घरची रीत लुपेच्या अंगात मुरलेली. ती तिथेच मांडी घालून बसली. तिला बघून निळी पैलवानीणही बावचळून बसली. कंपनीचा माणूस कोपऱ्यातून घड्याळ दाखवत होता, तर तिसऱ्या रांगेतले मोरेश्वर त्याला हातानेच खाली बस म्हणून खुणावत होते. हातवाऱ्यांची त्यांना सवय होतीच.

बोलणं संपलं तेव्हा तावितांचा आवाज बसला होता आणि डोळे भरले होते. त्यांनी नातीला हात देऊन उठवलं आणि काठी तिच्या हातात दिली.

"ही मालोसी," ते म्हणाले. "आता हिचं ऐका."