चार नंबरची ओली भुई

मी एक जुनी खोप आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझी कीव करायला कोणी बसू नका. पाटीवर माझं नाव ‘कॉटेज नंबर चार’ असं रंगवलं आहे. ते शहरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. जोयडा तालुक्यात, अणशीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून, कुंभारवाड्याच्या रस्त्यापासून थोडं आत रानात आमचा मुक्काम आहे. रान बघायला येणाऱ्यांची सोय म्हणून पूर्वी इथे आम्ही सहा जणी उभ्या होतो. आता जुन्यांपैकी मी एकटीच उरले आहे. कशी उरले, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मित्रांनो, मला रामचंद्राने बांधलं. तो इथल्याच एका वाडीतला कुणबी. भात लावायचं आणि उरलेले दिवस रानातली कामं करायची, असा त्याचा संसार. माझ्यासाठी त्याने ऐनाचे खांब आणले. बांबू मात्र वद्य पक्षातच तोडला आणि महिनाभर ओढ्यात दगडांखाली बुडवून ठेवला. चांदण्याच्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, असं त्याचं म्हणणं. तेव्हाच्या व्यवस्थापकाला घाई होती, त्याने बरीच आदळआपट केली. रामचंद्राने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. वीस वर्षं झाली, माझ्या एकाही कामटीतून पीठ गळलेलं नाही.

भिंती आणि छप्पर त्याचं, पण भुई त्याच्या बायकोची, फुलाची. तिने माती कालवली, लाकडी चोपण्याने आठ दिवस चोपली आणि वर शेणाचा हात फिरवला. भिंत एकदा उभी केली की माणूस मोकळा होतो. भुईचं तसं नाही. ती आठवड्याला पुन्हा सारवावी लागते, नाहीतर पोपडे धरते. म्हणजे रामचंद्राने मला एकदा बांधलं आणि फुला मला वीस वर्षं बांधतेच आहे. हा हिशोब मी कोणाच्या तोंडावर सांगायला कचरत नाही.

माझ्याकडे खूप माणसं राहून गेली. बेळगावच्या शाळेतली मुलं आली, तेव्हा एका खाटेवर चौघं झोपली आणि कोणी खाली पडलं तरी रडलं नाही, कारण भुई मऊ होती. पहाटे धनेश पक्ष्याच्या पंखांचा आवाज ऐकून एक मास्तर पायजम्यावरच बाहेर धावले होते. काहींनी माझं तोंड भरून कौतुक केलं. काहींनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की खोलीत पाल आहे, अंधार आहे, शेणाचा वास येतो. पाल आहे, हे खरं आहे. रानात येऊन पालीची तक्रार करणाऱ्याने समुद्रावर जाऊन पाण्याची करावी.

पण वहीतली तक्रार मालकापर्यंत पोचते आणि भुईचा गारवा पोचत नाही. दोन वर्षांपूर्वी नागराज नावाचा नवा व्यवस्थापक आला. धारवाडकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, स्वभावाने वाईट नव्हता. हुबळीच्या मालकांनी त्याला सांगितलं होतं की जुन्या खोल्या पाडा आणि पत्र्याच्या, काचेच्या, फरशीच्या नव्या उभारा. एकेक करून माझ्या पाच बहिणी गेल्या. त्यांचे खांब पाडताना मी बघत होते आणि मला संताप येत होता. रडू आलं नाही. रडणं माझ्या बांधणीत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये माझा नंबर लागला. फुलाने घरी जाऊन रामचंद्राला सांगितलं. तो आता गुडघ्यांमुळे घरीच असतो. तो म्हणाला, मोडली तर मोडू दे, बांबू काय रानात संपलेत? फुला त्या दिवसापासून त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. मला हे तिनेच सांगितलं, सारवता सारवता. ती माझ्याशी बोलते, त्यात नवल काही नाही.

ठरलं असं होतं की सकाळी रामनगरचा परशू दोन गडी घेऊन येईल, आत शिरून आढ्याला टेकू देईल आणि मग कौलं उतरवायची. खांब आणि कौलं मालकांना शाबूत हवी होती. नागराजने आदल्या संध्याकाळी फुलाला हुकूम दिला की चार नंबर रिकामी करून साफ करून ठेवा. इथेच तो चुकला. खोली साफ करणं म्हणजे काय, हे फुलाला विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी परशू पहारी घेऊन दारात आला आणि थबकला. खाटा बाहेर, दार सताड उघडं आणि आत भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत हिरवीगार ओली भुई. कोपऱ्यातून बोटांचे अर्धगोल एकात एक घालत फुलाने सगळं सारवलं होतं. ओल्या सारवणावर पाय देणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मायचा आहे. परशूने पहार भिंतीला टेकवली आणि गड्यांना घेऊन आंब्याखाली बसला.

नागराज धावत आला. हे काय केलं, असं त्याने विचारलं. फुला बादलीत हात धूत होती.

“सायेब, तुम्हीच साफ कर म्हणालासा न्हवं?”

नागराजने परशूकडे बघितलं. परशूने मान हलवली. “सायेब, लहानपणी एकदा असा पाय टाकला व्हता. आयनं दोन दिस जेवान वाढलं न्हाई.”

दहाच्या सुमाराला भुई वाळली. पण ती इकडून वाळेपर्यंत फुलाने तिकडून दुसरा हात सुरू केला होता. दुपारी पुन्हा तेच झालं. दुसरा दिवस तसाच गेला. नागराजचा पारा चढला. त्याने बजावलं की ऐकलं नाही तर कामावरून काढून टाकेन. फुलाने पदराला हात पुसले.

“काढा की. सारवायला मला कुनाचा हुकूम लागत न्हाई.”

तिसऱ्या दिवशी परशू आलाच नाही. उळवीकडे दुसरं काम निघालं, असा निरोप त्याने पाठवला. निरोप खरा होता की नाही, मला माहीत नाही आणि मी चौकशीही केली नाही.

त्या दुपारी वीज गेली. नव्या पत्र्याच्या खोल्या तव्यासारख्या तापल्या. फुला शेण आणायला गेली होती आणि माझी भुई तेव्हा कोरडी होती. नागराज दारात आला. मी म्हटलं, आता हा स्वतःच पहार उचलतो. पण त्याने बूट काढून बाहेर ठेवले, आत आला, बसला आणि मग आडवा झाला. पाच मिनिटांत त्याला झोप लागली. फुला बादली घेऊन परतली, त्याला बघितलं आणि बादली खाली ठेवून पडवीत बसून राहिली. तो उठला तेव्हा त्याच्या गालावर सारवणाच्या रेघा उठल्या होत्या.

“अव्वा,” कानडीत आईला म्हणतात तसं तो म्हणाला, “उद्या पुन्हा सारवणार?”

“व्हय.”

“आणि परवा?”

“हात हायेत तवर.”

तो गाल पुसत हसला. आमच्या आईचंही असंच, एवढंच म्हणाला. संध्याकाळी त्याने हुबळीला फोन करून कळवलं की चार नंबरची भुई ओली आहे, काम सुरू करता येत नाही. पुढच्या आठवड्यात तेच कळवलं. पाऊस गेला, दसरा गेला, भुई ओलीच राहिली.

शेवटी मालक स्वतः गाडी घेऊन आले. फुलाने त्यांच्या देखत कोपऱ्यापासून सुरुवात केली, घाई नाही की भीती नाही. मालक तरातरा दारापर्यंत आले. त्यांनी उंबऱ्यापलीकडे पाऊल उचललं, खाली बघितलं आणि पाऊल परत मागे घेतलं. त्यांना कोणी अडवलं नव्हतं. मग ते वळले आणि गाडीत बसून गेले.

मित्रांनो, उद्या ते पुन्हा येतील, कदाचित मला पाडतीलही. मी अमर आहे असं मी म्हणत नाही. मला जपा, अशी विनवणीही करणार नाही. जपणारीने हात कोपरापर्यंत शेणात घातले आहेत. तुम्ही हात घालणार असाल तर या, बादली पडवीत आहे. नुसतं बघायला येणार असाल, तरी या. चपला बाहेर काढा आणि भुई ओली असेल तर दारात उभे राहा. इथे मालकसुद्धा थांबतात.